बांधावरचा वाळा

९ जून १९५७
कौल उजवा झाला. म्हणजे खाडीच्या बांधावर वाळा लावण्यास देवाची संमती.
महिनाभर घरोघर जाऊन समजावत होतो : या गवताची मुळे आडवी पसरत नाहीत, सरळ खाली उतरतात आणि माती आतून शिवल्यासारखी धरून ठेवतात, बी रुजत नाही, म्हणून शेतात तण होऊन शिरण्याची भीती नाही, जून पातीला गुरे तोंड लावत नाहीत. सर्वांनी ऐकून घेतले. भिवा गावकार, ज्यांच्या शब्दावाचून या बांधावर कुदळ पडत नाही, म्हणाले, "मास्तरानूं, तुमचा सगळा खरा. पण बांद देवाचो. देवाक इचारूक व्हया."
देवाच्या पाषाणाच्या उजव्या खांद्यावर चिकटवलेली पाकळी पडली आणि सारे समाधानाने उठले. शेतकी शाळेत मुळांच्या आकृत्या काढण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याचे मात्र कोणी... असो.

२ जुलै १९५७
लावणी संपली. ओढ्याकाठच्या रानवाळ्याचे ठोंब खणून आणले, पात वीतभर राखून छाटली, दोन-तीन फुटव्यांचे तुकडे करून चार-चार बोटांवर लावले. माझी थोरली बहीण आक्काही चिखलात उतरली. वयाचा तरी विचार कर, म्हटले. "शेत माझा. माका काय शिकवतंस?" गेल्या पावसात बांध फुटून खाडी तिच्या भाताच्या कुणग्यात शिरली. विधवा बाईला तेवढाच एक तुकडा.
कंबर धरली आहे. जास्त लिहवत नाही.

१९ सप्टें. १९५७
खाडीच्या अंगाला अगदी खाली लावलेले ठोंब करपले. भरतीचे पाणी तिथवर चढते. माथ्यावरचे व शेताच्या अंगाचे हिरवेगार. एक उपटून पाहिला. मुळे हातभर! एकटाच हसलो.

११ नोव्हें. १९५८
दुसरा पावसाळा बांधाने सोसला. आज आक्काच्या कुणग्यात कापणी. लोंब्या अर्ध्या पोचट, तरी भात. तिने दाणा सोलून चघळला. "खारट नाय रे."

१८ जाने. १९५९
देवळात मंडळी जमली होती. वाळ्याविषयी सांगा म्हणाली. सांगितले. माठात घालावयाच्या जुड्या, पंखे, दारांवरचे पडदे, अत्तर, उष्म्यावरचा काढा. शहरात मुळांना किती मागणी असते, तेही. मुळांची जुडी हातोहात फिरवली. फार दिवसांनी इतके रंगून बोललो. भिवांनी जुडी पुन्हा पुन्हा नाकाशी धरली.

२७ फेब्रु. १९५९
मालवणच्या एका व्यापाऱ्याचा माणूस येऊन बांध पाहून गेला. भिवा म्हणतात, "देवळाचो मंडप पडाक इलो. मुळां इकून उभो करूया. मुळांक दर आसा, ह्या तुमीच सांगितलात."
मी म्हटले, मुळे काढायची तर ठोंबच्या ठोंब खणावा लागतो. माती सैल होते. मिरगाला खाडी आत येईल.
"परत लावूया."
धरायला दोन पावसाळे लागले, भिवा.
"मगे अर्धोच खणूया," कोणी तरी म्हणाले. हशा पिकला.
संध्याकाळी चुलीपुढे आक्का म्हणाली, "इतक्या सगळा सांगूक तुका कोणी सांगितल्यान? लावलंस मां? मगे गप रवाचा."
उपयोग सांगितल्यावाचून वनस्पतीची माहिती पुरी होत नाही, असे मी सर्व वर्गांना शिकवत आलो.

१४ मार्च १९५९
पुन्हा आकृती. खडूने, देवळाच्या फरशीवर : उभा छेद, भरतीची रेघ, मुळे. एकाने जांभई दिली. थकलो आहे. अखेर मीच म्हणालो, बांध देवाचा ना? मग खणण्यापूर्वीही त्याला विचारा.
भिवा मनापासून हसले. "आता शिकलात, मास्तरानूं!"

२२ मार्च १९५९
सकाळी भिवांनी गाऱ्हाणे घातले. उजवी पडली तर खणायचा, डावी पडली तर राखायचा. "व्हय म्हाराजा" झाले. गुरवाने ओल्या पाकळ्या चिकटवल्या. आक्का खांबाला टेकून, डोळे मिटून.
दक्षिणेचे दार उघडे आहे, वारा डाव्या अंगाला लागतो, तेव्हा डावी आधी सुकावी, असा हिशेब मी मनात मांडत होतो. त्याचीच लाज वाटली. तरी मांडतच राहिलो.
दुपार टळली. पाकळ्या हलल्या नाहीत. भिवांनी दुसऱ्यांदा गाऱ्हाणे घातले. नाहीच. उन्हे उतरल्यावर मंडळी उठली. कौल होईपर्यंत कुदळ नाही. उद्या पुन्हा बसायचे. पावसाला अजून अवकाश आहे, पण व्यापाऱ्याचा माणूस गावातच मुक्कामाला आहे.
परतताना आक्का बांधावर थांबली. कोयती काढून वाळ्याची वाढलेली पात छाटू लागली. मी घरून दुसरी कोयती आणली व पलीकडच्या टोकापासून लागलो.
छाटल्याने फुटवा वाढतो, हे तिला सांगितले नाही.