निळा रंग उतरेपर्यंत

एम्डन, ६ मार्च १९९९

चि. तालके हिस गेशेताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. हाब्बो त्या दातांच्या डॉक्टरीणबाईकडे राहायला गेला, याचं मला काडीचं नवल वाटलं नाही. लग्नातच मी आईला म्हटलं होतं, हा माणूस नवरीपेक्षा केककडे जास्त बघतोय. पण जाताना ती मासे-प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी तुझ्या गळ्यात मारली, जागा झाली की नेतो म्हणाला, आणि तू हो म्हणालीस? तू बायको होतीस की मोलकरीण? आता म्हणे पाण्यात फॉस्फेट वाढलंय, दगडांवर शेवाळ चढलंय, प्रवाळ मिटून बसलेत आणि तुला झोप नाही. नवरा गेला तेव्हा बरी झोपलीस! ओत ते सगळं मोरीत.

फोन करू नकोस. फोनवर तू रडतेस आणि मला पहाटे कोळंबी सोलायला उभं राहायचं असतं. पत्रात रडलीस तर ऐकू तरी येत नाही.

लोभ आहे, पण तो दाखवत बसायला वेळ नाही.
गेशे

म्युन्स्टर, २१ मार्च

ती. गेशेताईस तालकेचा साष्टांग नमस्कार.

ओतलं नाही. रागावू नकोस. हाब्बोला फोन केला तर म्हणाला, चूक माझीच. मी माशांना फार खायला घालत होते, आणि त्यांचं गोठवलेलं खाणं वितळलं की त्याचं पाणीही टाकीतच ओतत होते. आता चहाच्या गाळणीत धुऊन घेते. तो लोखंडाच्या तपकिरी दाण्यांचा डबा ठेवून गेलाय. त्यातले चमचाभर जुन्या मोज्यात बांधून वाहत्या पाण्यात लटकवायचे, ते फॉस्फेट ओढून घेतात. तपासायच्या नळीत औषधाचे थेंब टाकले की पाणी निळं होतं, जितकं गडद तितकं वाईट. माझं शाईसारखं होतं, आता धुऊन विटलेल्या सदऱ्यासारखं झालंय.

पण घाई करायची नाही, असं त्याने बजावलंय. एकदम ओढून घेतलं तर प्रवाळ उपाशी पडतात, त्यांची कातडी सोलून निघते. म्हणून मी धीर धरते.

ताई, आज सकाळी गुलाबी प्रवाळ उघडलं. पार बोटभर बाहेर आलं. या घरात मला बघून कुणीतरी खुश झालं असं वाटलं. हस हवं तर. ईस्टरला ये, मी वाट बघते.

तुझी माया अशीच राहू दे.
तालके

एम्डन, १५ एप्रिल

चि. तालके हिस आशीर्वाद.

घरी पोचून आठवडा झाला. तुझा चहा पाणचट होता आणि गादी त्याहून वाईट. आता नीट ऐक. ईस्टरच्या सकाळी तू चर्चला गेलीस, तेव्हा मी तो दाण्यांचा अख्खा डबा दोन मोज्यांत भरला आणि पंपाच्या मागे लटकवला, जिथे तुझा हात जात नाही. चुकून नाही. तुझं पत्र मी नीट वाचलं होतं. पत्र मुद्दाम उशिरा टाकतेय, नाहीतर धावत जाऊन काढशील.

त्याने तुला टाकायचं, तू त्याची बाग फुलवून द्यायची, आणि ती बाई सोफ्यावर पडून बघणार? मी जिवंत असेपर्यंत नाही. येऊ दे त्याला, हाडं घेऊन जाईल. तुला कोण बोल लावणार? पाणी स्वच्छ ठेवणं हा काय गुन्हा आहे?

आता तरी पोटभर जेव.
गेशे

म्युन्स्टर, २० एप्रिल

तुझं पत्र आज आलं. त्याआधीच सगळं संपलं होतं. नळीतल्या पाण्यात निळ्याचा मागमूस नाही. गुलाबी आधी पांढरं पडलं, मग कातडीच्या चिंध्या तरंगायला लागल्या. मी त्या गाळणीने उचलत होते आणि माझाच चमचा कुठे चुकला ते आठवत होते.

हाब्बो रविवारी आला. न्यायला नाही. त्या बाईला घरात पाण्याची गळती नको आहे. टाकी तूच ठेव, माझ्यापेक्षा तूच बरी सांभाळतेस, हे सांगायला आला होता. कोट काढता काढता तेच म्हणाला. मग त्याने टाकीत बघितलं. म्हणाला, तालके, तुझ्या हातात काहीच जगत नाही.

तो कशाबद्दल बोलला ते तुला माहीत आहे. दोन्ही बाळं गेली तेव्हा दवाखान्यात तू माझ्याजवळ होतीस. आणि मी त्याला म्हटलं, खरं आहे तुझं.

येऊ नकोस. पत्रही नको.
तालके

एम्डन, २४ एप्रिल

चि. तालके हिस आशीर्वाद, घ्यायचे तर घे.

तो टाकी तुला देऊन टाकणार हे मला स्वप्नात दिसणार होतं का? माफी मी मागत नाही, मला ती येत नाही. पण काल त्या बाईच्या घरी फोन लावला. हाब्बोला बोलावलं आणि सांगितलं, गाढवा, ते तिने नाही, मी केलं, मुद्दाम केलं. अख्खा डबा, दोन मोजे, पंपाची मागची बाजू, सगळं सांगितलं.

त्याने ऐकून घेतलं. मग हसला. म्हणाला, गेशे, बहिणीचं झाकायला तू काहीही बोलशील. मी ओरडले तर म्हणाला, पुरे, कळलं मला, आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर त्या बाईने उचलला आणि म्हणाली, बिचाऱ्या तालकेला सांभाळा.

तेव्हा ते आता तुझ्याच नावावर राहणार.

तुझी ताई, तू मायन्यात लिहिलं नाहीस तरी
गेशे