वरच्या खोऱ्याची किंमत

३ फेब्रुवारी

नाही म्हणायला हवं होतं! साहेबांनी फाइल पुढ्यात टाकली. "अभयारण्याचं वरचं खोरं. खडीच्या खाणीला हवंय. जंगल तसंच ठेवण्यात फायदा किती, तो आकडा समितीला द्यायचाय. महिना आहे हाताशी." आणि मी नंदीबैलासारखी मान हलवली.

त्या खोऱ्याच्या पायथ्याशी माझी सख्खी ताई राहते, हे साहेबांना माहीत नाही. सांगितलं तर काम जाईल शेजारच्या टेबलावर – म्हणजे शंकासुराकडे. त्याला पाणी दिलं तरी "उकळलंय का?" विचारतो. तो महिनाभर शंकाच काढत बसेल. नाही सांगत, जा!

५ फेब्रुवारी

खुर्चीत बूड टिकत नाही. खाणवाल्यांची कागदपत्रं कशी देखणी! सरकारला कर किती, नोकऱ्या किती, रस्ता कुठून. आणि आपल्या बाजूने आजवर कुणीतरी लिहून ठेवलंय, "निसर्गाचा अमूल्य ठेवा". अमूल्य! डोकं फिरतं हा शब्द वाचून. समितीपुढे अमूल्य म्हणजे रिकामा रकाना. बेरीज करणारा त्याच्यावरून सरळ पुढे जातो.

८ फेब्रुवारी

पाहणीच्या निमित्ताने ताईकडे. भावोजींच्या मधमाश्यांच्या पेट्या जंगलाच्या कडेला लावलेल्या. गिरणी बंद पडून भावोजींची नोकरी गेल्यापासून घर या पेट्यांवरच चालतं, ताईच्या धाकटीचं कॉलेजही. माश्या चरायला वरच्या खोऱ्यात जातात – फुलं तिथेच.

"खाण आली की धूळ आली," ताई म्हणाली. "धुळीतल्या फुलावर माशी बसत नाही. मग आम्ही काय खायचं, खडी?"

मी म्हटलं, म्हणूनच तर जंगलाची किंमत काढतेय. ती खो-खो हसली. "तुला साधा भाजीवाल्याशी भाव करता येत नाही, आणि तू जंगलाचा करणार! काढ बाई. चांगली घसघशीत काढ." हसता हसता तिने पदराने डोळे टिपले. ते हसण्याचं पाणी नव्हतं, मला कळतं.

भावोजींनी जाळीची टोपी घालायला दिली होती. हात उघडेच! एकीने मनगटावर प्रसाद दिला.

९ फेब्रुवारी

मनगट टम्म. डाव्या हाताने टायपिंग. चिडचिड.

१४ फेब्रुवारी

सापडलं! पाणी!

अख्खं शहर त्या खोऱ्यातल्या ओढ्याचं पाणी पितं. जंगलातली माती ते गाळते; शहर फक्त औषध टाकून नळाला सोडतं. झाडं गेली तर ओढा गढूळ. मग शहराला शुद्धीकरणाचा मोठा प्रकल्प बांधावा लागेल. त्याला जो खर्च, तेवढं काम जंगल आज फुकट करतंय. तीच जंगलाची किंमत!

पाणीखात्याच्या इंजिनिअरकडून यंत्रं, वीज, रसायनं, पगार – सगळं घेतलं. बेरीज खाणीकडून सरकारला मिळणाऱ्या पैशांहून मोठी! शून्यं पुन्हा तपासली. बरोबर. उठून व्हरांड्यात येरझाऱ्या घालायला लागले. शिपायाने विचारलं, "मॅडम, काही हरवलंय का?" म्हटलं, "नाही हो, सापडलंय!"

१९ फेब्रुवारी

मधमाश्यांवरून जुंपली. मध, खालच्या फळबागांना होणारा उपयोग – माझ्याकडे त्याचे आकडे आहेत, पण कच्चे. साहेब म्हणाले, "एक लंगडा आकडा सापडला की ते सगळा अहवाल लंगडा ठरवतात. काढा ते." शंकासुर मध्ये पडला, "कच्चे का असेनात, राहू द्या. नाहीतर हा एकखांबी तंबू होतोय." मी ताडकन म्हटलं, "खांब पोलादी आहे!"

माश्या काढल्या. औषधी झाडंही. पर्यटकही. फक्त पाणी ठेवलं. स्वच्छ, घट्ट, कुणाला बोट ठेवायला जागा नाही.

ताईला सांगितलं नाही. आणि सांगायचं तरी काय? जंगल राहिलं की माश्या राहिल्याच. वेगळ्या कशाला मोजायच्या?

२२ फेब्रुवारी

नवरा म्हणाला, "अगं, जेवतेयस की ताटात आकडेमोड करतेयस?" उगाच त्याच्यावर खेकसले.

२८ फेब्रुवारी

झाली एकदाची सभा! उत्तरं पाठ करून गेले होते. जंगलाला किंमतच नाही म्हणाले तर हे, आकडा फुगवलाय म्हणाले तर ते. खाणीचा माणूस समोरच – मृदू आवाजाचा, दर वाक्याला "मॅडम". त्याने फक्त दोन प्रश्न विचारले. "आकडा पूर्ण आहे ना, मॅडम? काही राहिलेलं नाही?" मी म्हटलं, पूर्ण. "म्हणजे एवढा खर्च केला, की शहराला आजच्यासारखंच पाणी मिळेल?"

"अगदी तसंच! थेंबाचाही फरक पडणार नाही." केवढ्या तोऱ्यात म्हणाले मी!

"मग आम्हाला हा आकडा मान्य आहे."

बस्स! एवढंच! अध्यक्षबाई म्हणाल्या, असा चोख अहवाल पहिल्यांदाच आला. साहेब नुसते फुलले. बाहेर पडल्या पडल्या ताईला फोन. ती तिकडे ओरडली, "अहो, ऐकलंत का? हिचा आकडा मान्य झाला!" मागून भावोजींचा आवाज – कधी नव्हे ते गाणं म्हणत होते. मला रस्त्यातच रडू फुटलं.

१ मार्च

तो भांडला का नाही?

३ मार्च

अजून आदेश नाही. आजचा दिवस ऑफिसचं एक साधं दोन ओळींचं पत्र लिहिण्यात गेला, तेही फाडलं. शंकासुराला विचारलं, "तो खाणवाला इतका गोड का वागला असेल?" तो म्हणाला, "मलाही तीच शंका आहे." एरवी हसले असते.

माणूस हरला की चडफडतो. हा उठताना माझ्याशी हात मिळवून गेला. वर म्हणाला, "तुमच्यामुळे काम सोपं झालं, मॅडम." मला वाटलं, रीत म्हणून बोलला.

६ मार्च

आदेश आला. माझा आकडा जसाच्या तसा मंजूर. तेवढा सगळा खर्च खाण कंपनी करणार – शुद्धीकरणाचा प्रकल्प बांधून देणार, चालवणारही. तिला खोऱ्यातून त्याच्या कितीतरी पट मिळणार आहे. तो हिशेब आम्ही कुणी मागितलाच नव्हता. "शहराच्या पाण्यात थेंबाचाही फरक पडणार नाही" – माझं वाक्य, खाली माझं नाव. इतर कुठलंही नुकसान अहवालात नमूद नाही, सबब वरचं खोरं अभयारण्यातून वगळलं.

ताईचा फोन आला. "वाचलं ना गं जंगल?"

म्हटलं, "नाही, ताई. मी किंमत सांगितली. त्यांनी ती दिली."