प्रोपेलरच्या पुढची जागा

अल वक्रा,
१४ ऑक्टोबर २०२२

ती. शशीताई,

धाकट्याचा वाकून नमस्कार.

तू आणि भाऊजी मजेत असाल असं धरून चालतो. पत्र बघून हसशील. "मेल्या, फोन काय वाळूत पुरलास?" म्हणशील. म्हण, खुशाल म्हण. आमच्या ऑफिसातल्या नीतावहिनी उद्या सुट्टीवर नाशिकला निघाल्यात, त्यांच्या हाती देतोय.

इथे कतारमध्ये वर्ल्ड कपची नुसती धांदल आहे. रस्त्याचं कालचं वळण आज सापडत नाही. आमच्या वर्कशॉपलाही घाई, कारण एका अरबाच्या खासगी संग्रहालयासाठी आम्ही जुन्या फ्रेंच लढाऊ विमानाची हुबेहूब प्रतिकृती करतोय आणि ती पाहुणे यायच्या आत उभी राहायला हवी. पहिल्या महायुद्धातलं विमान, एकावर एक पंख, दोघांना बसायला जागा. चालक नेहमीसारखा मागे. आणि बंदूकवाला? थेट प्रोपेलरच्या पुढे! नाकावर टांगलेल्या लाकडी डब्यात. फिरत्या प्रोपेलरमधून गोळी मारणं त्यांना जमेना, म्हणून माणूसच पुढे नेऊन बसवला. त्याच्या पाठीशी गरगरणारं पातं, मध्ये फक्त जाळी. चालक कितीही ओरडला तरी त्याला ऐकू जायचं नाही. कुणाच्या डोक्यातून निघालं असेल हे, देव जाणे.

मोटरच्या पहिल्या चाचणीला आमचे सुतार अब्बासभाई पुढे बसले. रत्नागिरीचे, थट्टेखोर माणूस. उतरले ते पांढरे पडून. "मधू, मागसून हाक कोणी मारली रे? अगदी माझ्या आईचा आवाज." मागे मीच उभा होतो. कुणीही हाक मारली नव्हती. चहा पितोय तोवर त्यांना घरून फोन आला, त्यांची आई, हजराचाची, गेल्या.

योगायोग, असं मीच सगळ्यांना समजावलं. इंजिनिअर ना मी! अब्बासभाई काही परत त्या डब्यात चढेनात. मंगळवारी दुसरी चाचणी होती. साहेब म्हणाले, "यल्ला, कोई तो बैठो, आगे वजन चाहिए." मी बसलो.

मोटर सुरू झाली. कान बधिर. आणि त्या घरघरीतून अगदी स्वच्छ, मानेशी तोंड आणून म्हणावं तसं: "मध्या."

मला या नावाने एकच माणूस हाक मारतं.

आई सांगायची ना, मागून हाक आली तर तिसऱ्यांदा ऐकल्याशिवाय ओ द्यायची नाही? तू त्यावर किती हसायचीस! मी पहिल्याच हाकेला "ओ, ताई" म्हणालो आणि मान वळवली. जाळीवर गाल सोलवटला. जाळी नसती तर हे पत्र लिहायला मी उरलो नसतो.

त्या संध्याकाळी भाऊजींचा फोन आला. मग पुन्हा आला. भाऊजी मला कधी फोन करतात का? नेहमी तूच करतेस, ते मागून "विचार, विचार" करतात. मी घेतला नाही. फोन बंद करून कपाटात टाकलाय. भित्रा म्हण हवं तर. मला फार भीती वाटतेय, ताई. तुला लिहितोय तोवर तू आहेस.

नीतावहिनींना बजावलंय, पत्र फक्त शशीताईच्या हातात द्यायचं, भाऊजींनी मागितलं तरी नाही. आणि परत आणावं लागलं, तर मला काही सांगायचं नाही. नुसतं माझ्या टेबलावर ठेवून जायचं.

तू दार उघडशील या आशेवर बसलेला,
मध्या