नव्या पेटीला जुन्या केबल

रविवार, ९ मार्च

ती. ताईंना,
साष्टांग नमस्कार.

आम्ही इकडे बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुमचा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? लेकीचा फोन आला होता, तिची नोकरी पक्की झाली. म्हणजे बातम्या सगळ्या चांगल्याच.

बिघडलाय तो फक्त कॉम्प्युटर. मी ज्याच्यावर पुस्तकांची मुद्रितं तपासते तो. चालता चालता बंद पडायचा, म्हणून यांनी खोका उघडला, आत नाक घातलं आणि निकाल दिला, "पॉवर सप्लाय गेलाय." सप्लाय म्हणजे आतली विजेची पेटी, भिंतीतली वीज घेऊन एकेका भागाला सोसेल तेवढीच वाटून देणारी. दुरुस्तीचं दुकान बंद केलं तरी यांच्या हाताची खाज काही जात नाही. नवी पेटी आणली, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि स्क्रू काढायला बसले. मी शेजारी मटार सोलत होते.

नव्या पेटीबरोबर तिच्या केबल आल्या होत्या. यांनी त्या पिशवीतून काढल्याच नाहीत. जुन्याच, आत नीट बांधलेल्या होत्या तशा, नव्या पेटीत खोचल्या.

ताई, तुमच्या भावाच्या हाताखाली जो कोणी काम शिकला, त्यानं पहिली बोलणी याच गोष्टीवरून खाल्ली आहेत. केबलची तोंडं सारखी दिसतात, बसतातही, पण कुठल्या तारेतून कोणती वीज यायची हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. चुकलं की हार्ड डिस्क जळते. "जुनी केबल नव्या पेटीला लावणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा घालून सुई ओवणं," हे वाक्य ऐकून ऐकून माझं पाठ झालंय. आणि मी बघत असूनही मटारच सोलत राहिले. म्हटलं, यांना माहीत असणार; मी कोण सांगणारी?

बटण दाबलं, टक्‌ असा आवाज आला आणि पाठोपाठ जळका वास. डिस्क गेली. जाऊ दे. कामाच्या फायली छापखान्यात आहेत, फोटो लेकीकडे आहेत. माझा जीव त्यात अडकलेला नाही.

हे म्हणाले, "पेटीच खराब निघाली." दुकानदाराशी भांडून दुसरी आणली, डिस्कही आणली. आज जेवण झाल्यावर परत वर्तमानपत्र पसरलं, आणि परत त्याच जुन्या केबल हातात घेतल्या. मी म्हटलं, "अहो, केबल..."

"केबलचं काय?"

रागावून म्हणाले असते तर चाललं असतं. पण मी काय म्हणतेय ते त्यांना खरंच कळलं नव्हतं. परवा गॅसपाशी उभे राहिले आणि लायटर हातात धरून मलाच विचारलं, हे कशाचं? तेव्हा मी हसण्यावारी नेलं होतं. आज मला हसता येईना.

मी आत आले, मेन स्विच बंद केला आणि ओरडून सांगितलं, "वीज गेली!" आता हे बाहेर वीज यायची वाट बघत बसलेत आणि मी स्वयंपाकघरात लिहितेय. शेजारचा मिक्सर सुरू झाला तशी मी घाईनं खिडकी लावून घेतली. फोन करावा तर घर एवढंसं, सगळं ऐकू जातं. घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या.

ताई, बाबांचं तुम्ही एकटीनं केलंत. जाताना ते तुम्हालाही ओळखत नव्हते, एवढंच आम्हाला ठाऊक. सुरुवात कशी झाली ते आम्ही कधी विचारलं नाही. भीतीच वाटायची. आता मला विचारायचंय की

हे दारात येऊन उभे राहिले, म्हणून पेन थांबलं.

"मेन तूच बंद केलास ना?"

मी पत्रावर हात ठेवला.

"बरं केलंस. ताईला लिहितेयस?"

"हो."

खुर्ची ओढून बसले. स्क्रू ड्रायव्हर हातातच होता, त्याच्याकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "तिला विचार, बाबांचं आधी काय गेलं. माणसं, की कामं?"

म्हणजे त्यांना माहीत आहे. मला वाटत होतं, घाबरलेली मी एकटीच आहे.

त्यांचा प्रश्न तुमच्यापर्यंत पोचवला. उत्तर लिहून पाठवू नका, ते त्यांच्या हाती पडेल. तुम्ही स्वतः या. तुम्हाला दारात पाहून त्यांच्या तोंडून "ताई" निघतंय, तोवर या.

तुमची
भावजय