आर्मरेस्टचे टाके

ता. ३ फेब्रुवारी

चि. नातवास आजीचे पोटभर आशीर्वाद.

वि. वि. तुझं पार्सल पोचलं. पिकअपच्या दाराचा मोडका आर्मरेस्ट आजीकडे शिवायला धाडणारा ड्रायव्हर जगात तू एकटाच! मी जन्मभर फुटक्या बादल्या तारेनं शिवल्या, म्हणून आता मोटारीही माझ्याच गळ्यात. असो. दाभण तापवून चिरेच्या दोन्ही अंगांना भोकं पाडली, तांब्याची तार ओवायला घेतली आणि हात थबकला.

तू लिहितोस, वर सिमेंटची गोणी पडली. बाळा, मला अक्षर कळत नाही, पण मोडणं कळतं. गोणी पडती तर तुकडा खाली दबता. हा वर ओढून उपटलाय. आणि खालच्या मऊ अस्तरात चार नखं रुतलीत. माझी बोटं त्या खुणांत गेली. एवढं घट्ट काय धरलं होतंस?

खरं ते लिही. थापाच मारायच्या तर आजोबांसारख्या नीट मारायला शीक.

तुझी आजी
(लिहिणार आत्या)


ता. ९ फेब्रुवारी

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तुझ्यापुढे थाप टिकत नाही. गाडी भरलेली, लांब उतार, आणि ब्रेक दाबला तर पाय थेट तळाला! दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिलो, जोर यावा म्हणून आर्मरेस्ट वर ओढला, तर तोच हातात आला. शेवटी गाडी खडीच्या ढिगात घातली.

मालक म्हणतो, ब्रेकमध्ये तेल ओतलंय, चालेल आता. मला सांगतो, तू दार तेवढं नीट कर, गिऱ्हाइकाला दिसतं. महिनाअखेरीस पुन्हा त्याच उताराने माल न्यायचाय. उतार आठवला तरी हाताला घाम सुटतो. आर्मरेस्ट लवकर धाड. निदान धरायला काहीतरी असू दे.

आईला यातलं काही सांगू नकोस. आत्यालाही शपथ घाल.

तुझा नातू


ता. १३ फेब्रुवारी

चि. अतिशहाण्यास आशीर्वाद.

आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पट्टी आहे. तुझं पत्र तुझ्या आईनंच वाचून दाखवलं. 'आईला सांगू नकोस' हेही तिनंच वाचलं. हे पत्रही तीच लिहितेय.

आर्मरेस्ट शिवून झाला. दोन माणसं लोंबकळली तरी निघायचा नाही. पण तो मी धाडणार नाही. टाके माझे पक्के आहेत रे, पण ब्रेकला माझी तार पुरायची नाही. मालकाला म्हणावं, आधी मिस्त्री बोलाव. ऐकलं नाही तर किल्ली त्याच्या टेबलावर ठेव आणि बसनं घरी ये. दुसरा ड्रायव्हर त्याला मिळेल. आम्हाला दुसरा नातू कुठून मिळणार?

चेष्टा करतेय खरी, पण जीव थाऱ्यावर नाही. दारापुढे गाडी थांबली की दोघी उठतो.

धरायला काहीतरी हवं म्हणालास ना? तुझी आई एका हातानं हे लिहितेय. दुसऱ्या हाताची बोटं मघापासून तुझ्या नखांच्या खुणांत आहेत. सोड म्हटलं तर सोडत नाही.

लोभ आहेच, तो वाढवायला तू समोर हवास.

तुझी आजी