कोऱ्या सुईचा इलाज

तासगाव, फेब्रुवारी १९९८

हंबीरराव दाजींना लालासाहेबाचा दंडवत. लोणंदची थंडी ओसरली असेल आणि तुमचा गुडघा जिना चढू देत असेल असं धरून चालतो. अक्काला नमस्कार सांगा, पत्र दाखवू नका.

विट्याच्या नानासोंनी आमच्या दारातून जीप परत फिरवली हे कानावर आलंच असेल. आमच्या शिवांजलीसाठी त्यांच्या मुलाचं हे स्थळ तुम्हीच सुचवलेलं, तेव्हा खरं काय ते तुम्हाला सांगणं भाग आहे.

मूळ तुमच्या जयराजच्या लग्नात आहे. त्याची कॅसेट आम्ही घरी पाहिली. तीन तासांत मी सगळीकडं आहे, पण पाठमोरा. (एकदा समोरून आलो होतो, तिथं शूटिंगवाल्यानं जिलेबी दाखवली.) लहानपणी देवी आल्या तेव्हाचे तोंडावरचे खड्डे मी इतकी वर्षं विनातक्रार वागवले, पण पोरीच्या लग्नात तिचा बाप पुढून दिसावा असं वाटलं. म्हणून आमच्या कारभारणीला, साळूबाईला, द्राक्षावरचं औषध आणतो सांगून सांगलीला कातडीच्या डॉक्टरकडं गेलो.

डॉक्टर तरुण, बोलायला मऊ. त्यांनी तोंडाला बधिर करायचं मलम फासलं आणि यंत्र काढलं. दाजी, जत्रेत गोंदतात तसलंच यंत्र. मी म्हटलं, "शाई राहिली घालायची." ते म्हणाले, "शाई नसतेच. नुसत्या सुईनं टोचलं की आतली कातडी जागी होते आणि खड्डा हळूहळू भरत येतो." द्राक्षाचा वेलही छाटल्याशिवाय फुटत नाही, त्यामुळं मला पटलं. (मलमाचं पटलं नाही. त्यानं डॉक्टरच बधिर झाले असावेत.)

लालभडक तोंड घेऊन एसटीत चढलो. बाकावरची बाई उठून पुढं गेली, त्यामुळं जागा मिळाली. साळूबाईला सांगितलं, मधमाश्या चावल्या. तिला पटलं, पण आमच्या चुलतीनं, रंगुबाईनं, नीट न्याहाळून निकाल दिला, "माश्या न्हाईत गं. देवी हायती. परत आल्यात." लगेच दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला आणि उंबऱ्यावर दहीभात आला. हा रोग देशातून कधीच गेला असं मी सांगत होतो, पण ज्याच्या तोंडावर दिसतोय त्याचं कोण ऐकतं?

रविवारी मुलगी बघायला यायचे नानासो, जीप मिळाली म्हणून नेमके त्याच दिवशी आले. त्यांनी डहाळा पाहिला, दहीभात पाहिला, खिडकीत मला पाहिलं आणि पाय न धुताच फिरले. मी "सुया टोचल्यात, सुया!" असं ओरडत जीपमागं धावलो. मला बघून ड्रायव्हरनं गाडी आणखी पळवली.

साळूबाई परड्यात होती, तिला ऐकू गेलं नाही. शिवांजली दारातच होती. पाहुण्यांसाठी केलेले पोहे तिनं मलाच आणून दिले आणि हळूच म्हणाली, "आबा, तुमी मागनं बी बरं दिसता."

तरी दाजी, विट्याला जाऊन आमच्या घरात रोग नाही एवढं नानासोंना पटवून द्या.

तुमचा,
लालासाहेब

ता. क. पत्र टाकायला निघालो तर नानासोच स्कूटरवर एकटे आले. मला बेदाण्याच्या शेडमागं नेलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "सुया म्हणालासा न्हवं? लय दुखतंय का?" तेव्हा त्यांचं तोंड जवळून पाहिलं. तेही आमच्याच पंथातले. पुढच्या रविवारी मुलगी बघायला येतो म्हणाले. सबब वरची विनंती रद्द.

आणखी एक. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं सांगलीला जाणार आहोत, आणि ते दोन्ही घरी कळता कामा नये. तरी त्या सुमारास तुम्ही सांगलीच्या एखाद्या दवाखान्यात आजारी पडावं आणि आम्हाला तार करावी. आजार कोणता ते तुमच्या आवडीवर सोडतो, फक्त अंगावर उठणारा नको.