चुकून चीफला दिलेला आशीर्वाद

चि. अयोका हिला थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? भावजी अजून तसेच घोरतात का? इकडे आम्ही सगळे मजेत, फक्त भरवसा कोणाचा धरावा ते कळत नाही. (पाकीट फोडल्यासारखं दिसलं तर कळव. टपाल नेणारा प्रोफेसरचा माणूस असावा असा मला वास येतोय.)

गव्हर्नरच्या निवडणुकीचं तिकडे इबादानला तुझ्या कानावर आलं असेलच. इंजिनिअर, प्रोफेसर आणि चीफ, तिन्ही उमेदवारांची मतं एकमेकांना अशी चिकटली की कोणी पुढे म्हणून निघेना. त्यात आपल्या शाळेतलं मतदानाचं यंत्र त्या दिवशी बंद पडलेलं. म्हणून निकाल अडला आणि आता फक्त आपल्या गावात पुन्हा मतदान! अख्ख्या राज्याचा गव्हर्नर आपली गल्ली ठरवणार, मला तर हसूच आवरेना. इंजिनिअरने लगेच खड्ड्यांत खडी टाकली. (आजवर कुठे होती ती खडी?) प्रोफेसरने स्वतःचा चेहरा छापलेलं कापड वाटलं. मी घेतलं, पण नेसायची नाही. बसताना शिकलेल्या माणसाच्या तोंडावर बसायचं, बरं दिसत नाही.

पण हे मतदान ठेवलं कधी? पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी, आपल्या नातीच्या, टेनिओलाच्या लग्नाच्या दिवशी! मतदान म्हणून त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गाड्या बंद, मग नवरदेवाची, डोटुनची माणसं पलीकडच्या गावाहून येणार कशी? हाच शनिवार कोणाला सुचला? डोटुनचा बाप इंजिनिअरचा मोठा कार्यकर्ता. मला वाटलं, यांनी दुसरी मुलगी बघून ठेवलेली दिसते. मी निरोप धाडला की तारीख हलणार नाही, शुक्रवारीच या मुक्कामाला, आणि आधी चार माणसं येऊन बोलून जा.

या मंगळवारी मी अंगणात एगुसीच्या बिया सोलत बसले होते, चष्मा आत राहिलेला. तेवढ्यात आठ-दहा पुरुष आले, सगळ्यांचे झगे एकाच कापडाचे, आणि नमस्काराला धाडकन वाळूत पालथे! छाती जमिनीला लावून. आता तूच सांग, लग्नघराच्या दारात एकसारखं कापड घालून पुरुष पालथे पडले तर ते कोण असणार? मुलाकडचेच ना? माझे डोळे भरून आले. पुढच्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, बाळा, आजपासून हे घर तुझं, घरातली माणसंही तुझी.

बाळ उठलं, तर चीफ! साठीचा माणूस, ढेरीला वाळू. (पालथा पडला मात्र सफाईने. रोज सराव करत असणार.)

दुपारी त्याचा भोंगा गावभर, अबेके आजींचं घर चीफचं! आणि लगेच डोटुनच्या बापाचा फोन. "आजी, घर चीफला दिलंत, मग मुलगीही त्याच्याच घरात द्या. आमचा डोटुन काय ताटातलं उरलेलं आहे?" मी म्हटलं, "डोटुनचे बाबा, चष्मा नव्हता हो!" तर म्हणतो, "माझ्या बायकोच्या गळ्यातला खोटा मणी बिनचष्म्याचा बरा दिसला तुम्हाला!" (खोटाच आहे तो.) आत टेनिओला उशीत तोंड खुपसून रडतेय.

मग मी बुधवारी इंजिनिअर आणि प्रोफेसर, दोघांनाही बोलावून घेतलं. एकमेकांकडे डोळे वटारत दोघेही पालथे पडले. डोक्यावर तोच हात, तोंडात तेच शब्द. आता घर तिघांचं, म्हणजे कोणाचंच नाही. भोंगा गप्प झाला. पण डोटुनचा बाप वस्ताद. स्वतः आला, कुटलेल्या याम-कंदाचे दोन गोळे शांतपणे संपवले आणि हात धुताना म्हणाला, "आशीर्वाद कितीही वाटा, मत कोणाला ते सांगा. त्यावर लग्न." मी त्याच्या कानात सांगितलं, मत इंजिनिअरला. तेव्हा कुठे हसला. शुक्रवारी दोन बस भरून येताहेत. फक्त, शनिवारी सकाळी तो स्वतः मला हाताला धरून शाळेच्या रांगेत उभं करणार आहे. त्याचाही भरवसा नाहीच माझ्यावर!

तुझी अक्का,
अबेके

ता. क. डोक्याला बांधायला पांढरं कापड आण. बाकी सगळे रंग कोणा ना कोणाचे झालेत.

ता. क. हे वाचून चुलीत घाल. तुझ्या नातवाच्या बारशाला येऊन राहिले होते ना, तेव्हाच माझं नाव तिकडच्या मतदार यादीत गेलं. इथे मला मतच नाही. तेव्हा तू पुढच्या गुरुवारीच ये, आणि शनिवारी सकाळी मला न्यायला आले की चक्कर येऊन पड. मी तुला सोडून हलणार नाही. कोणी कितीही पाणी मारलं तरी लग्न लागल्याशिवाय शुद्धीवर येऊ नकोस.